पऱ्हाटीतला व्हॅनिला

या, अशा जवळ सरका. टाळ ठेवा घटकाभर मांडीवर. बुवा अजून चहा घेताहेत. तोवर एक गोष्ट ऐका. प्रेमाची आहे, पण देवासमोर सांगावी अशी.

मानवतहून परभणीला निघालेली एसटी. खिडकीशी प्राची, तिच्या पायाशी एक कॅन. मानवतजवळच्या एका छोट्या कारखान्यात पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, शिजवून कागदाचा लगदा करतात. मागं उरतं ते काळंकुट्ट पाणी त्या कॅनमध्ये होतं. परभणीच्या कृषी विद्यापीठात प्राची त्या पाण्यातून व्हॅनिला काढत होती. हो, आइस्क्रीमचा तोच वास! बंद भांड्यात पाणी तापवून दाबानं हवा सोडायची. लाकडाला धरून ठेवणारा चिकट भाग तुटतो आणि व्हॅनिला मोकळा होतो.

पण त्या दिवशी कॅनचं झाकण सैल झालं... आणि गाडीभर सडक्या कोबीचा वास! पदर, रुमाल, टोप्या, जे हाती लागलं ते नाकाला गेलं.

"ओ उदबत्तीवाले," मागून कुणी ओरडलं, "फोडा की एक पुडा! नाकाला लावू."

प्राचीच्या शेजारी बसलेल्या नागनाथनं मांडीवरचा उदबत्त्यांचा खोका घट्ट धरला. "देवाच्या आधी हुंगायची न्हाई. आमच्या घरची रीत हाय."

"मग आमच्या फोटोपुढंच लाव आता!"

सगळी गाडी हसली. प्राची मात्र निवांत बाहेर बघत होती, नाक उघडं. नागनाथनं वाकून झाकण आवळलं आणि हळूच विचारलं, "मॅडम, तुमाला वास येत न्हाई... हो ना?"

ती दचकली. करोनाच्या तापात गेलेला वास परत आलाच नव्हता, आणि हे तिनं विद्यापीठात कुणालाही सांगितलं नव्हतं. काम वासाचं, आणि नाकच रुसलेलं!

"कुणाला सांगू नका..."

"न्हाई सांगत. पण माल चांगला का वाईट, कसं कळतं तुमाला?"

"किती आहे ते यंत्र सांगतं. कसा आहे, ते नाही सांगत."

"मग आणत जा माझ्याकडं, मानवतला. घरीच उदबत्त्या वळतो मी."

ती जाऊ लागली. नागनाथ तिच्या व्हॅनिलाची चिमूटभर पावडर मसाल्यात मळायचा, एक काडी वळायचा, सुकली की घरातल्या विठोबापुढं लावायचा. धूर आधी देवाचा. मग तो प्रसाद. दोघं शेजारी मांडी घालून बसत. ती धुराकडं बघे — आणि तो तिच्याकडं.

"कसा आहे?"

"जळकं लाकूड... आन् मागं, लय लांब, दुधाची साय."

"साय कशी असते, विसरलेच मी."

तो विचारात पडला. "सकाळी झोपेत आईनं अंगावर पांघरूण घालावं... तशी."

प्राचीनं मान खाली घातली. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या.

आठवडे गेले. नमुना पास झाला नाही तर काम बंद, असं विद्यापीठातल्या सरांनी बजावलं. तरी नागनाथ म्हणाला, "अजून जळकं लाकूड हाय त्यात." तिचे डोळे भरून आले.

"आरं, पोरगी रडायलीय!" त्याची आई बायनाबाई कळवळली. "बरा हाय म्हण की!"

"देवापुढं बसून, आई?"

प्राची रागानं उठून गेली. पण एसटीत बसल्यावर तिला हसू आलं. इतकं खरं बोलणारं माणूस... कुठं मिळतं हो?

हवा कमी पडली तर तो चिकट भाग तुटत नाही, जास्त झाली तर मोकळा झालेला व्हॅनिलाही जळतो. पुढच्या खेपेला तिनं हवा जरा लवकर तोडली, पावडर दोनदा धुतली, आणि निघाली मानवतला.

काडी लागली. धूर वर गेला. नागनाथनं डोळे मिटले... आणि त्याचा चेहराच पडला.

"वाईट आहे?"

"न्हाई. झाला. एकदम चोख... काईच खोट न्हाई."

"मग तोंड का असं?"

"खोट हाय म्हणलो असतो, तर तुमी परत आल्या असत्या."

 प्राची ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"उद्या सरांना सांगून टाकणार आहे मी, वास येत नाही ते. पण पुढं... दूध लागलं, भाजी करपली, तर मला कोण सांगेल?"

"मी सांगीन."

"रोज?"

"रोज. पण करपली तर करपलीच म्हणीन. गोड बोलायचा न्हाई."

"म्हणून तर विचारलं..."

"आगं, करपू देतीस कशाला?" आतून बायनाबाईंचा आवाज आला. "चुलीपाशी त्यालाच हुबा कर!"

नमुना पास झाला. सर रागावले नाहीत. आजही प्राचीच्या कागदावर वासाचा रकाना नागनाथच्या शब्दांत भरला जातो. आणि मानवतच्या त्या घरात दोघांचा संसार सुखाचा चालला आहे.

एवढंच मागणं, मंडळी. तुमच्या घरी दूध उतू जाऊन करपलं, तर चिडू नका. तो वास तुम्हाला आला, हीसुद्धा विठोबाचीच कृपा. तेव्हा हात जोडा, आणि आमच्या प्राचीची आठवण काढा.