भाव परत आला की…

कर्जाचा अर्ज मागायला ती बँकेत चुकीच्या टेबलासमोर बसली, आणि तिथंच सगळं सुरू झालं.

"कर्जाचं टेबल पलीकडे," समोरचा तरुण म्हणाला. "मी गुंतवणूक सल्लागार. पण बसलाच आहात तर… बसा."

ती फिजिओथेरपिस्ट. दहा वर्षं दुसऱ्याच्या दवाखान्यात लोकांचे गुडघे वाकवून झाले होते, आता स्वतःचा दवाखाना काढायचा होता. कोपऱ्यावरचा एक गाळा मनात भरला होता, पण मालक महिनाअखेरपर्यंतच थांबणार होता; एक चष्मेवालाही त्याच गाळ्यावर डोळा ठेवून होता.

"साठवलेलं काहीच नाही?"

"शेअर आहेत. भाऊजींच्या शब्दावर एकाच कंपनीचे घेतले. आता निम्म्यावर आलेत. घेतला तो भाव परत आला की विकेन."

"तुम्ही कितीला घेतलेत, हे त्या शेअरला कुठं माहीत आहे?"

तिला राग आला. आणि हसूही… ते तिनं ओठांतच दाबलं.

"समजा, तेवढे पैसे आज रोख हातात असते," तो म्हणाला, "तर हेच शेअर घेतले असते?"

"छे! गाळा घेतला असता—" बोलता बोलता ती थांबली.

"सगळ्यांचंच असं होतं," तो हळू आवाजात म्हणाला. "तोटा कबूल करणं जिवावर येतं. विकलं नाही, की वाटतं अजून काही गेलंच नाही."

चार दिवस तिचं तळ्यात-मळ्यात चाललं. पाचव्या दिवशी मन घट्ट करून तिनं शेअर विकले. गाळ्याची अनामत भागली, दोन खाटा आल्या. त्याचे फोन आधी कागदपत्रांसाठी येत, मग पडद्यांच्या रंगासाठी, मग… कशासाठीच नाही.

दीड महिन्यानं तो शेअर उसळला. "तरी मी सांगत होतो!" भाऊजींनी फोनवर ऐकवलं. त्याच संध्याकाळी सल्लागार दवाखान्याच्या दारात उभा, तोंड एवढंसं करून.

"शिव्या घालायच्या असतील तर घाला."

"थांबले असते तर हा गाळा चष्मेवाल्यानं नेला असता," ती म्हणाली. "आज सकाळी एक आजोबा काठी इथंच विसरून चालत घरी गेले. त्याचा काय भाव लावता, सल्लागारसाहेब?"

तो हसला. मग उगाच खाकरला.

"लोकांना सांगतो, गमावायच्या भीतीनं अडून बसू नका. आणि मी स्वतः… विचारलं आणि तुम्ही नाही म्हणालात, तर हे फोनही जातील, म्हणून गप्प."

"काय विचारायचं होतं?"

"डॉक्टर, तुम्हाला कळलंय."

"कळलंय. पण ऐकायचंय."

त्यानं विचारलं. अडखळत, कान लाल करून… पण अगदी सरळ, लग्नाचंच विचारलं.

"हो," ती म्हणाली.

तेवढ्यात पडद्याआडच्या खाटेवरून एका आजींचा आवाज आला, "झालं असेल तर माझा पाय खाली ठेवू का गं, बाई?"