त्र्याऐंशीव्या पानाची तळटीप

संगीत विभागात तिला सगळे 'तळटीप' म्हणत. पानावर वर दोन ओळी मजकूर आणि खाली वीस ओळी टिपा, असा तिचा खाक्या. पुराव्याशिवाय गाण्यावर एक शब्द लिहायचा नाही, हे सरांनी पहिल्याच वर्षी तिच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं. चार वर्षांत तिने एकच टीप खोटी लिहिली.

प्रबंध होता थोरल्या बाईंच्या एका गाजलेल्या मैफलीच्या ध्वनिमुद्रणावर. गाता गाता बाई मध्येच थांबतात, नुसता तंबोरा वाजत राहतो आणि चार मात्रांनी आवाज परत येतो, तो काळीज हलवणारा. त्या थांबण्यावर तिची तीन प्रकरणं उभी होती. त्या दिवशी बाईंच्या मागे तंबोऱ्यावर तिची सख्खी मावशी बसली होती. मावशीने तीनदा फोन केला. "ये गं एकदा. सगळं सांगते, लिहून घे." हिचं आपलं दर वेळी पुढच्या आठवड्यावर. वाट बघता बघता मावशी वारली, तेव्हा प्रबंध द्यायला सहा दिवस उरले होते. मग त्र्याऐंशीव्या पानाखाली तिने दडपून लिहिलं : साथीदाराची मुलाखत, दुपारी चार वाजता; तो विराम बाईंनी आधी ठरवून घेतला होता. मेलेलं माणूस नाही म्हणायला थोडंच येणार होतं!

मुलाखतीचं ध्वनिमुद्रण जोडायचा नियम होता. तिने वसतिगृहाच्या खोलीत रेकॉर्डर चालू करून चाळीस मिनिटं नुसता पंखा मुद्रित केला. यंत्र बिघडलं म्हणून सांगायचं, झालं. देण्याआधी एकदा ऐकून पाहिलं, तर पंख्याच्या घरघरीत कुणीतरी बशीवर कप ठेवला. खोलीत कप नव्हता. दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा कुणीतरी तंबोऱ्याच्या तारा जुळवत होतं. तिसऱ्यांदा तिने ऐकलंच नाही.

सादरीकरण सकाळी अकराला होतं. समोर सर, बाहेरून आलेले परीक्षक, मागे विभागातली मुलं. ती न अडखळता बोलली. परीक्षक चष्मा पुसत म्हणाले, "ती मुलाखत जरा लावा की."

पंखा. कप. मग तिचाच आवाज : "मावशी, बाई तिथे का थांबल्या?"

हा प्रश्न तिने कधीच विचारला नव्हता.

"थांबतायत कसल्या! आवाज बसला गं त्यांचा. मी मागून उचललं. तिथून शेवटपर्यंत मीच गायलेय. कुणाला कळलं नाही, मीही बोलले नाही. तू लिही."

परीक्षक कानामागे हात धरून बसले होते.

"नुसता पंखाच ऐकू येतोय," ते म्हणाले.

सर तिच्याकडे बघत होते. एक वाक्य बोललं असतं तर पुरे होतं. पण मग तीन प्रकरणं गेली, पदवी गेली, चार वर्षं पाण्यात.

"रेकॉर्डर बिघडला होता, सर."

"होतं असं," परीक्षक म्हणाले. " टीप आहे ना? मग पुरे."

तिला सुटल्यासारखं वाटलं आणि स्वतःची किळसही आली. स्पीकरमधून मावशी शांतपणे म्हणाली, "बरं. राहू दे मग." कप उचलल्याचा आवाज आला. पावलं. दार.

परीक्षक खुशीत होते. "आता मूळ गाणं होऊन जाऊ दे, डॉक्टरबाई. तुमचा तो विराम ऐकू या."

तिने लावलं. बाई गात आल्या आणि नेहमीच्या जागी थांबल्या. तंबोरा वाजत राहिला. ती सवयीने बोटांवर मात्रा मोजू लागली. चार झाल्या.

पाच.

सरांनी आवाज वाढवला.

सात. आठ.

मग तंबोराही थांबला. कुणीतरी तो हलकेच खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि तो मात्र सगळ्यांनी ऐकला.