अजून शिजतंय

दरवर्षी ऑक्टोबर संपत आला की मी आमच्या ओहाका शहराच्या बाजारात वाळलेल्या मिरच्या घ्यायला जाते. यंदाही गेले. सोबत हाइकेबाई होत्या. हँबर्गच्या निवृत्त शिक्षिका, आमच्याकडे आठवडाभर स्वयंपाक शिकायला आलेल्या पाच पाहुण्यांतल्या सगळ्यात चौकस. मेलेल्यांच्या सणाचं जेवण परदेशी पाहुण्यांना शिकवायचं, हा माझा आणि आईचा आता धंदाच झाला आहे. पाहुणे मिरच्या भाजतात, ठसका लागून बेजार होतात, पाट्यावर मोले, म्हणजे त्या मिरच्यांचा सणाचा दाट रस्सा, वाटून वाटून घाम गाळतात आणि घरी जाऊन सांगतात की आम्ही सुट्टीवर होतो. मला हसू येतं.

यंदा मात्र माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. माझा धाकटा भाऊ एलिसेओ कामासाठी वाळवंटातली सीमा चोरून ओलांडून उत्तरेला गेला, त्याला नऊ वर्षं झाली. पहिली तीन वर्षं फोन यायचा. मग काहीच नाही. जिवंत आहे की नाही, कोणी सांगू शकेना. सणाला गेलेल्यांसाठी घरात मांडतो त्या वेदीवर त्याचा फोटो ठेवायचा विषय काढला की आई अंगावर यायची.

"मेल्याची बातमी आलीय का? नाही ना? मग त्याचं नाव तिथे घ्यायचं नाही. गेलेल्यांच्या पंगतीला जित्या माणसाला हाक मारतात का, बये?"

तिचं बरोबर होतं. पण सहा वर्षं नुसती वाट बघून मी आतून पोखरून गेले होते. काय ते एकदाचं कळायला हवं होतं, आणि कळायचा मार्ग घरातच होता. आपली गेलेली माणसं येऊन जेवून गेली की वेदीवरचं अन्न दिसायला तसंच राहतं, पण त्याची चव जाते. लहानपणापासून आम्ही ते चाखत आलो आहोत.

एक नोव्हेंबरला दुपारी तीन वाजता चर्चच्या घंटा झाल्या. दारापासून वेदीपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट केली होती. धुपाने डोळे चुरचुरत होते. आईने एकेकाला नावाने बोलावलं, आजी-आजोबांना, मग बाबांना. ती पाहुण्यांना गरम चॉकलेट द्यायला अंगणात गेली, तशी मी बाबांच्या वाडग्यामागे काळ्या मोलेचा आणखी एक वाडगा सरकवला.

"एलिसेओ," मी हळूच म्हटलं. "ये. जेवायला ये."

उंबऱ्यात झोपलेला कुत्रा उठला आणि बाहेर निघून गेला. बाकी काही झालं नाही. रात्रभर मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी तीनला निरोपाच्या घंटा झाल्या. आता ते अन्न आम्ही खायचं. हाइकेबाईंनी बाबांच्या वाडग्यात पोळीचा तुकडा बुडवला आणि तोंड वाकडं केलं.

"अगं हसिंता, वाटून वाटून माझे खांदे भरून आले, आणि हे लागतंय नुसत्या चिखलासारखं!"

"ते जेवून झालंय," मी म्हटलं. "आता मागचं बघा."

"हं! हे कसं झणझणीत आहे!"

मी स्वतः चाखलं. तिखट, कडवट, गोड, सगळं जागच्या जागी. मी मटकन खाली बसले आणि ढसाढसा रडले. "आई! त्याने खाल्लं नाही गं! एलिसेओ जिवंत आहे!"

आई दारात उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "तू त्याला हाक मारलीस?"

तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. मीच उचलला.

"हसिंता?" आवाज जाड झाला होता, पण त्याचाच होता. "माझं ताट उचलू नका हं... काल दुपारी कोणीतरी हाक मारली. हातातलं काम टाकून निघालोच मी. पाय थांबतच नाहीत गं..."

"कुठे आहेस? कशाने येतोयस?"

"चालत... काळजी करू नकोस. बाबा आलेत न्यायला. त्यांना रस्ता ठाऊक आहे."

बाबा चार वर्षांपूर्वी वारले. तेव्हा एलिसेओचा पत्ता कोणाकडेच नव्हता. त्याला ते कळवलंच नव्हतं.

आईने फोन माझ्या हातातून ओढला. इतक्या सहज स्वरात ती कशी बोलू शकली, मला अजून कळत नाही.

"निघालास का रे, सोन्या? अरे, पण मोले अजून शिजायचंय. ते कालचं शिळं नको खाऊस, ताजं करतेय. सावकाश ये. वाटेत बस जरा."

फोन ठेवून तिने तो वाडगा मोठ्या पातेल्यात ओतला, पातेलं चुलीवर चढवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"हे शिजलं की तो त्यांच्या पंगतीला बसणार. तेव्हा शिजलं असं या घरात कोणी म्हणायचं नाही."

पाहुणे गेले. आज अकरावा दिवस. चूल विझलेली नाही. आम्ही दोघी पाळीपाळीने ढवळतो, आटलं की पाणी घालतो. रोज तीनला फोन येतो. "थोडंच राहिलंय, बाळा," आई सांगते. पहिल्या दिवशी त्याच्यामागे नुसता वारा होता, मग ट्रकचे आवाज, मग पुलाखालचं पाणी. काल मी आईच्या कानाशी कान लावला. आमच्या चर्चची घंटा वाजत होती, खिडकीतून आणि फोनमधूनही.

आज आई ढवळता ढवळता बसल्या जागी झोपली. तिला उठवायचं माझ्या जिवावर आलं. फोन वाजला तो मीच घेतला.

"एलिसेओ?"

"मी बोलतोय," बाबा म्हणाले. "किती वेळ लावता गं? पोरगं दमलंय... शिजलं का?"

"नाही, बाबा. अजून नाही."

मी पातेल्याकडे बघत उभी होते.

"वास तर येतोय, पोरी..."