घराण्याचं नाक

फिडेल्मा टूमीने व्हिस्कीच्या कारखान्यातल्या नमुन्यांच्या खोलीचं कुलूप काढलं, दिवा लावला आणि सवयीने पहिल्या ग्लासवर नाक धरलं. काहीच नाही. जानेवारीतल्या तापात वास गेला, तो मार्च उलटला तरी परतला नव्हता. तिने कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. तांब्याच्या भट्टीतली जड व्हिस्की आणि मक्याची हलकी, या दोघींचं लग्न लावायचं, म्हणजे मिश्रण जमवायचं काम तिचं. नाकच गेलं म्हटल्यावर नोकरी कसली राहते? आणि बापाला आयतंच कोलीत मिळालं असतं.

"आपल्या घराण्याचं नाक फिनबारबरोबर नदीत गेलं," असं तो वर्षानुवर्षं म्हणत आला होता. फिनबार तिचा थोरला भाऊ. तो ब्लॅकवॉटर नदीत बुडाला म्हणून ही खुर्ची तिला मिळाली. मिळाली कसली, उरली. एकदा तरी बापाने घोट घेऊन "छान जमलंय, पोरी" म्हणावं, एवढ्यावर ती इतकी वर्षं राबली होती.

प्रत्येक ग्लासात मिश्रणाचा एकेक नमुना आणि वर काचेचं झाकण असायचं. वास घेतला की ती ते उजवीकडे ठेवायची. आज शेवटच्या ग्लासचं झाकण आधीच काढलेलं होतं, आणि ते डावीकडे होतं. त्याच्याखाली पाण्याचं गढूळ वर्तुळ.

खोलीची एकमेव किल्ली तिच्या खिशात होती. फिनबार डावखुरा होता.

"काय गं बाई, ठरलं का?" कारखान्याचे मालक क्राउलीसाहेब दारात उभे होते. "पिंप खोळंबलंय."

दुसरं काय करणार? तिने तोच ग्लास पुढे केला.

क्राउलींनी घोट घोळवला, डोळे मिटले. "अगं, हा तर थेट फिनबारचा हात! इतकी वर्षं कुठे दडवला होतास?"

फिडेल्माचं तोंड कडू झालं. पण पुढच्या मिश्रणालाही झाकण डावीकडे होतं, त्याच्या पुढच्यालाही, आणि दर वेळी तिने मुकाट्याने तोच ग्लास उचलला. माल असा कधी जमला नव्हता, असं सगळे म्हणायला लागले.

रविवारी ती बाटली घेऊन बापाकडे गेली. म्हाताऱ्याची दृष्टी गेली होती, नाक मात्र शाबूत होतं.

"बाबा, ही मी जमवलीय. बघा तरी."

त्याने ग्लासवर नाक धरलं. बराच वेळ. मग ग्लास ठेवून तिचं मनगट धरलं आणि बाही हुंगली.

"आलास होय रे?" एवढ्या मायेने तो तिच्याशी कधीच बोलला नव्हता. "किती भिजलायस, फिनबार!"

"बाबा, मी फिडेल्मा."

"तिचं नाव नको काढूस, बाळा. तिला नदीने नेलं."

तिने हात सोडवला. बाही चाचपली. कोरडी होती.

आणि तापानंतर पहिल्यांदाच तिला वास आला. नदीच्या गाळाचा.