छपरावरचं यंत्र वाजलं नाही

"पोरगी अंगणात पडलीय, लवकर ये!" तुरुंगातून फोन आला आणि शेरीफच्या हाताखालची डेप्युटी मार्लिस ब्रेकी कॉफी तशीच टाकून धावली.

उशीर झाला होता. कैदी ब्रिटा व्हिग बर्फात गार पडली होती. मुठीत नशेच्या गोळीची फाटकी पुडी, पुडीला मासे धरायची दोरी. बर्फात पावलं एकट्या ब्रिटाची. म्हणजे पुडी वरून आली. ड्रोनमधून!

मग तुरुंगाच्या छपरावरचं ड्रोन हेरणारं यंत्र का बोंबललं नाही? नॉर्थ डकोटातल्या या फाटक्या काउंटीला वॉशिंग्टनने खास अनुदान देऊन ते बसवलं होतं. परवा कुणा शिकाऱ्याचं ड्रोन नुसतं फिरकलं, तर त्याने सगळं गाव उठवलं होतं. आज मात्र मेलं चिडीचूप.

मार्लिस कचेरीत शिरली तसा तिच्या चष्म्यावर धुकं चढलं. तो पुसतच ती हार्लनपाशी गेली. हार्लन व्हिग, ब्रिटाचा बाप. खात्याचं ड्रोन तोच उडवायचा. आत्ताही ते मांडीवर घेऊन त्याची काच पुसत होता. पुसली की पुन्हा धूसर होत होती.

"हार्लन, कुणाचं काम असेल रे हे?"

"तूच शोध ना! मी हे उडवतो, माग काढू त्या हरामखोराचा."

"शेवटचं कधी उडवलं होतंस?"

"गेल्या आठवड्यात. तेव्हापासून इथेच आहे, हीटरजवळ."

मार्लिस खुर्ची ओढून बसली. हार्लननेच तिला काम शिकवलं होतं. पुढचं बोलूच नये, असं तिला वाटलं.

"मग काचेवर धुकं कसं? गारठ्यातून आत आलं की धुकं धरतं, माझ्या चष्म्यासारखं. ड्रोन थोड्या वेळापूर्वीच बाहेर होतं. यंत्र परक्या ड्रोनवर बोंबलतं, खात्याचं ओळखतं, म्हणून गप्प बसलं. आणि बाप म्हणून तुला आत सोडत नव्हते. पुडी तू टाकलीस, हार्लन."

त्याचे हात थांबले.

"नशा तुटून तडफडत होती गं ती. ओकून ओकून रक्त पडायला लागलं. एक नर्स तरी ठेवा म्हणून शेरीफच्या हातापाया पडलो. म्हणाले, पैसा ड्रोनसाठी आलाय, नर्सवर खर्चता येत नाही. मग जप्तीच्या मालातली गोळी उचलली. वाटलं, जरा झोप लागेल तिला. एकच टाकली होती मार्लिस, एकच! एवढी जहरी निघेल, कुठे ठाऊक होतं?"

मार्लिसने कमरेच्या बेड्या हातात घेतल्या. तिच्याच्याने त्याच्याकडे बघवेना.

तेवढ्यात छपरावर भोंगा केकाटला. बातमी ऐकून टीव्हीवाल्यांचं ड्रोन आलं होतं.

सवयीने हार्लन ड्रोन घेऊन उठला, आणि मग पुन्हा खाली बसला.