बारावी बरगडी

रविवारी दुपारी आमटी-भात जेवून माणूस जरा आडवा होतो, यात काही गुन्हा आहे का, तुम्हीच सांगा. पण आमच्या घरी तेवढंही सुख नाही. मी सतरंजी अंथरतोय, तोवर मानसी पेन्सिल घेऊन समोर उभी. म्हणे, शर्ट काढा.

मानसी माझी मुलगी, डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला. छातीच्या प्रॅक्टिकलमध्ये ती एकदा नापास झाली होती आणि सोमवारी शेवटची संधी होती. फुप्फुसांभोवती एक पातळ दुहेरी अस्तर असतं. ते आत कुठवर पोचतं, हे बाहेरून कातडीवर रेघ ओढून दाखवायचं. त्याला जिवंत माणूस लागतो, आणि घरात रिकामा माणूस मी. माझी बायको मीना स्वतःची भुवयांची पेन्सिल लेकीला देऊन गौलीगुड्याला भाचीकडे निघून गेली. म्हणजे बाप नव्हे, फळाच.

मानसीचं घोडं अडायचं ते पाठीपाशी. ही मुलं खरी हाडं हाताळून शिकतात. सीनियरकडून ज्युनियरकडे पोतं फिरत राहतं. हिला भाग्यलक्ष्मी नावाच्या सीनियरकडून कुणा एका माणसाची डावी बाजू मिळाली होती. त्यात बरगड्या अकराच. बारावी कुणीतरी कधीच हरवलेली. जे हाडच पाहिलं नाही ते लक्षात काय राहणार? कार्टी दर वेळी रेघ अकराव्या बरगडीवरच थांबवायची. आणि ते पोतं कुठं, तर तिच्या पलंगाखाली! बाहेर ठेव म्हणून मी ओरडून थकलो. झोपेत कुणीतरी बरगड्या चाचपतं, असं ती एकदा म्हणाली होती. मी म्हटलं, मोबाइल कमी बघ.

तर झालो आडवा. तिनं गळ्याच्या हाडाच्या वरून रेघ काढली, छातीच्या मधल्या हाडालगत खाली आणली, डावीकडे चौथ्या बरगडीशी जरा बाहेर वळवली. तिथं हृदयाला जागा द्यावी लागते म्हणे. मला नुसत्या गुदगुल्या. मग पालथं व्हायला सांगितलं आणि कमरेच्या वर बोट रुतवलं.

"बारावी कसली छान लागतेय हाताला, बाबा! माझ्या माणसाकडे नेमकी हीच नाहीये."

एवढं म्हणून तिनं बोट काढलं. पावलं वाजली. पंखा फिरत होता, खालच्या रस्त्यावर रिक्षा भांडत होत्या. मग पुन्हा बोटं टेकली... गारढोण. फ्रिजमध्ये हात घालून आलीस का, म्हणून मी खेकसलो. बोटं मानेखालून निघाली, एकेक बरगडी दाबत उतरली, अकरावीपर्यंत आली आणि थांबली. पुन्हा वरून सुरुवात. पुन्हा अकरा. नाकात दमट गोणपाटाचा वास शिरला. माझं डोकंच फिरलं. एवढ्या वेळात वर्गातल्या सगळ्यांच्या पाठी मोजून झाल्या असत्या.

"अगं, बारावी खाली आहे, खाली! आटप आता."

बोटं खाली सरकली. पेन्सिल बारावीच्याही खालून, अगदी सावकाश, मणक्याकडे गेली. मग त्या बोटांनी ती बरगडी दोन्ही बाजूंनी धरली.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून मानसीचा आवाज आला. "बाबा... चहात साखर घालू ना?"

पाठीवरचा हात तसाच होता. दुखलं नाही हो काही. शेंगेतून दाणा काढावा तसं काहीतरी सुटलं, एवढंच.

मानसी चहा घेऊन आली आणि पाठ बघून नाचायलाच लागली. अगदी अचूक रेघ, बाबा, आईनं काढली? ती कधी आली? मी काय सांगणार? तिनं फोटो काढला, रात्रभर घोकला आणि सोमवारी पास झाली. घरात पेढे. हाडं परत द्यायला तिनं पोतं उपसलं, तर आत बारावी बरगडी. बाकीच्या पिवळट, ही पांढरी. तळाशी राहिली असेल, म्हणाली.

मी मुकाट्यानं नारायणगुड्याला एक्सरे काढून आलो. तिथला माणूस फिल्म उजेडाला धरून म्हणाला, "साब, ये पसली कब निकाले आपकी?" टाक्याची खूण कुठं नाही. डॉक्टर म्हणे, काहींना जन्मतःच नसते. अरे, माझ्या लेकीनं स्वतःच्या बोटानं चाचपली होती की! पण भांडणार कुणाशी? माझ्यावर निभावलं हे बरं झालं. तिच्याच पलंगाखाली होतं ते पोतं. आता गेलं एकदाचं भाग्यलक्ष्मीच्या घरी, म्हणून मी सुटकेचा श्वास सोडला. तोही डावीकडे जरा अडकतोच.

काल संध्याकाळी मानसी कॉलेजातून आली ती नवीन पिशवी छातीशी धरूनच. पुढची परीक्षा डोक्याची आणि मानेची. भाग्यलक्ष्मीनं त्याच माणसाची कवटी दिली होती.

"मस्त आहे, बाबा," ती पिशवी पलंगाखाली सरकवत म्हणाली. "फक्त खालचा जबडा नाहीये. रविवारी मोकळे आहात ना?"