धुक्यातून आलेला दोर

यात मीठमसाला काही नाही. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. शहरातल्या नदीकाठच्या बागेला लागून बोटींचा धक्का आहे. गेल्या हिवाळ्यात, दिवेलागणीला, तिथे हे घडलं.

शेजारच्या घरातली मोठी लेक, तिला सगळे थोरलीच म्हणतात. तिचे बाबा त्याच धक्क्यावर कामाला होते. येणाऱ्या बोटीवरून फेकलेला दोर झेलायचा आणि बांधायचा. नव्या माणसाला ते एकच धडा द्यायचे. दोर आला की आधी खुंटाला वेढा घाल. हातात धरून उभा राहिलास तर बोट तुला ओढून नेईल, आणि मी काही मागून उडी मारणार नाही.

त्याआधीच्या पावसाळ्यात बाबाच नदीत गेले.

देह मिळाला नाही, म्हणून आई मानेना. रोज त्यांचं ताट वाढायची, झाकून ठेवायची. निदान काहीतरी सापडावं आणि आईचं हे वाट बघणं संपावं, एवढ्यासाठी थोरली रोज धक्क्यावर जायची. बागेचा माळी म्हणायचा, "ताई, नदी काय बँक आहे, ठेवलेलं परत द्यायला?"

त्या संध्याकाळी धुकं इतकं दाट उतरलं, की बागेतले झोके नुसते ऐकू येत होते.

मग तेही थांबले...

इंजिनाचा आवाज नाही. वल्ह्यांचा नाही.

तरी धुक्यातून एक दोर आला... आणि तिच्या पायाशी पडला.

बापाचीच लेक ती. दोर उचलून खुंटाकडे वळली.

"खुंटाला नको, बाळ. हातात धर."

आवाज बाबांचाच. 'बाळ' म्हणताना त्यांचा घसा जरा बसायचा... तसाच बसला.

तिने 'हो' म्हणायला तोंड उघडलं. पण हात ऐकेनात. ते वेढे घालून मोकळे झाले.

दोर ताणला.

लोखंडी खुंट कण्हला... आणि हळूहळू पाण्याकडे वाकला.

मग सगळं सैल पडलं.

"बरं," आवाज शांतपणे म्हणाला. "आईला पाठव. तिला कुठे बांधता येतं?"

ती धावत घरी आली. आई चपला घालून दारातच उभी होती.

थोरलीने त्या संध्याकाळबद्दल घरात चकार शब्द काढला नाही. धुकं पडलं की ती दाराला कुलूप घालते आणि किल्ली मुठीत धरून बसते. ते बाबा नव्हतेच, असं स्वतःला समजावते. आणि असले तर? तिथे तिचं समजावणं अडतं.

आई भांडत नाही, रडत नाही. दाराकडे बघत एवढंच म्हणते...

"एवढंसं तर मागितलं होतं गं त्यांनी तुझ्याकडे."